गुडमारचं पोतं

प्रिय मुंगी,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझं तोंड कसं आहे ते तुला माहीत आहे, एका वाक्यात तीन भांडणं उकरून काढतं. म्हणून कागद घेतला. आज सुट्टी आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. बसले म्हणजे काय, दर दोन ओळींनी उठते आहे. मघाशी उठून नळ घट्ट केला. मग डबे पुसले, जे कालच पुसले होते. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीत कुणी भिंतीला भोकं पाडत होतं, म्हणून लावली, मग कोंदलं म्हणून परत उघडली. तुझे बाबा म्हणाले, अगं, एका जागी बूड टेकव, मला गरगरतं तुझ्याकडे बघून. त्यांना फिरायला पिटाळलं. फिरायला म्हणजे कुठे, ते तुलाही ठाऊक आणि मलाही. घरी येतात तेव्हा शर्टाच्या खिशाला पिठीसाखर लागलेली असते आणि मला सांगतात, तळ्यापर्यंत जाऊन आलो. घरातलं एक माणूस तरी तुझ्या दारात येतंय, एवढ्यावर मी समाधान मानून घेते.

गोदामात सगळं ठीक आहे. मालकांनी वाळवणीच्या खोलीत नवे पंखे बसवले, ते इतका आवाज करतात की आपल्या बडबड्या रेडिओबाईलासुद्धा ओरडून बोलावं लागतं. तरी ती बोलतेच. चाळणीवर हात आणि तोंड दोन्ही एकाच वेगाने चालवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. गेल्या आठवड्यात नागरमोथा आला, अजून माझ्या केसांना त्याचा वास आहे. अडुळसा आला तो मी दारातूनच परत केला, पानांच्या पाठीला पांढरी बुरशी होती आणि ड्रायव्हर मला सांगत होता, बाई, ती धूळ आहे. त्याला म्हटलं, तूच एक पान चावून दाखव. त्याने गाडी वळवली. तुझं ते छोटं स्टूल अजून माझ्या खुर्चीशेजारीच आहे. त्यावर कुणी बसत नाही, मी वजनं ठेवते.

बाबांचं म्हणशील तर बस चालवणं सुटून इतके महिने झाले, तरी सोफ्यावर बसल्या बसल्या उजवा पाय मधूनच दाबतात, समोरून कुणी आडवं गेलं की. आणि हल्ली त्यांना माझ्या हातचा चहा फार आवडायला लागला आहे. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या चहाला कधी बरं म्हटलं नाही, आता रोज म्हणतात, वा, आज जमलाय. पाहुणे मात्र अर्धा कप ठेवून उठतात. शेजारीण परवा म्हणाली, नको हो, भूक नाही. चहाला काय भूक लागते? मी मनात म्हटलं, हिला शिष्टपणा चढलाय. ही चहाची गोष्ट लक्षात ठेव, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता त्या दिवसाबद्दल. तू ऐकून घेत नव्हतीस म्हणून मी फोनवर नीट सांगू शकले नव्हते, आता वाच. तू आलीस तेव्हा सगळं गोदाम काम टाकून उभं राहिलं. तुझी बेकरी सुरू झालेली, पहिल्या घाण्यातला पहिला केक, आणि तो तू आईच्या कामाच्या ठिकाणी घेऊन आलीस. मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मी तुला काय काय बोलले होते ते मला आठवत होतं. चांगली जीभ घेऊन जन्माला आलेली पोर मैद्यात हात घालणार, साखर ओतली की कुणालाही केक जमतो, त्याला अक्कल लागत नाही. तरी तू आलीस, झाकण उघडलंस, आणि माझे हात पाल्याने भरलेले होते म्हणून स्वतःच्या बोटांनी तुकडा माझ्या तोंडात घातलास. आणि माझ्या तोंडात ओली वाळू आली. ओली, गार, चिकट वाळू. पुढचं मी केलं नाही, माझ्या सवयीने केलं. चूळ भरायच्या भांड्यात थुंकले, तळहात उलटा केला आणि म्हणाले, परत. नापास पोत्याला म्हणते तसं, त्याच आवाजात. तू झाकण लावलंस, ते नीट बसेना म्हणून दोनदा दाबलंस आणि गेलीस. मी भानावर येऊन फाटकापर्यंत धावले तेव्हा तुझी स्कूटर वळणावर होती.

तुला मी फोनवर सांगितलं की मी तेव्हा नुकताच गुडमार चावला होता. गुडमार काय करतो ते तुला मी शिकवायला नको, नावातच आहे, गोड मारतो. पान चघळलं की काही वेळ जिभेला गोड कळत नाही, वर साखर टाकली तर वाळूसारखी लागते, आणि लागली तरच माल अस्सल. माझ्या पुढ्यात पाल्याच्या चुऱ्याची ताटली होती आणि शेजारी साखरेची वाटी. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलीला एवढं बघून कळू नये? पण तू ताटलीकडे बघतच नव्हतीस, माझ्या तोंडाकडे बघत होतीस. आणि फोनवर तू काय म्हणालीस? आई, या दिवसांत गुडमारचा नवा माल येतो कुठे? निदान बहाणा तरी ऋतू बघून कर. मला इतका राग आला की फोन मी ठेवला, तू नाही. इतकी वर्षं या जिभेवर सगळं गोदाम चालतं, आणि पोटच्या पोरीने तिच्यावर संशय घ्यावा. मी ठरवलं, आता तूच फोन करशील. तू केला नाहीस. मग मी केला तर तू उचलला नाहीस. नाक तुझं आणि माझं एकाच साच्यातलं, खाली कोण करणार?

मध्येच उठले होते. गॅसवर काही ठेवलंय असं वाटलं, काही नव्हतं.

तुला आठवतं, तू शाळेतून थेट गोदामात यायचीस आणि त्या स्टुलावर बसायचीस. डोळे मिटायला लावून मी तुझ्या जिभेवर एकेक काही ठेवायचे आणि तू नुसतं नाव सांगून चालायचं नाही, काय लागतंय ते सांगायचं. काडेचिराईत ठेवला की तू म्हणायचीस, दार धाडकन लावल्यासारखं कडू. हिरडा म्हणजे गाल आतून कुणी ओढतंय. पिंपळी आधी शहाण्यासारखी गप्प बसते आणि मग चावते. आवळा तुझा लाडका, कारण तो खाऊन वर पाणी प्यायलं की साधं पाणी गोड होतं. आणि ज्येष्ठमध, त्याचं तू जे सांगितलंस ते मी आजवर नव्या माणसांना सांगते: आधी काहीच नाही, नुसतं लाकूड, मग आपण विसरून गेल्यावर मागून गोड येतं आणि जाता जात नाही. सगळ्या मुळ्यांमध्ये तुला तीच एक खिशात घालून घरी न्यावीशी वाटायची. म्हणून तर तुझं नाव मुंगी पडलं. मी म्हणायचे, चिराइताच्या पोटी साखर जन्मली. मला मनातून केवढा अभिमान वाटायचा. मालकांना मी सांगूनही टाकलं होतं की माझ्यामागे खुर्चीवर हीच बसणार, तुला न विचारता. ते जाऊ दे.

तर गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगायला मी ही सगळी वळणं घेते आहे. तेच ते गुडमारचं पोतं, पास केल्याच्या माझ्या खुणेसकट, पुढे पाठवायला दाराशी लावलं होतं. मधुमेहाच्या चूर्णात जायचं होतं ते. चहाची वेळ झाली. रेडिओला हुक्की आली, तिने पोत्यातून चिमूटभर चुरा काढून तोंडात टाकला, म्हणाली, आज मी बिनसाखरेचा चहा पिणार, बघा माझी करामत. मग चहा घेतला आणि लागली चहावाल्याला शिव्या द्यायला, अरे मेल्या, पाक केलास की चहा, दात पडतील माझे. सगळे हसले. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी हातातला कप खाली ठेवला आणि तो कसा ठेवला मला आठवत नाही, कारण नंतर तो मला दुसऱ्याच टेबलावर सापडला. ते खरं गुडमार असतं तर रेडिओला तो चहा गोड लागलाच नसता.

सगळे गेल्यावर मी पोत्यातला चुरा घेतला, भिजवला, एकेक तुकडा उलगडून बघितला. दिसायला गुडमारसारखं, पण भलतंच कसलं तरी पान. अख्खं आलं असतं तर मी डोळ्यांनीच ओळखलं असतं, चुऱ्यात पानाचा आकार कुठे दिसतो? म्हणून तर साखरेची परीक्षा घेतात. ती मी घेतली होती. चुरा चावला, वर साखर टाकली, वाळू लागली, पास केलं. पानात काही नव्हतं, मुंगी. तरीही साखर वाळूच लागली होती.

तेव्हा मला तुझ्या बाबांचा चहा आठवला. चव घेणाऱ्याने गोडधोड खायचं नाही, हा नियम मला हे काम शिकवताना तुझ्या आजोबांनी घालून दिला आणि मी काटेकोरपणे पाळला, माझा चहा बिनसाखरेचा. त्यामुळे मला काही कळायला मार्गच नव्हता. बाबांच्या चहाचा मात्र थेंबभर चमच्यातून चाखून बघायचे, अजून गोड झाला नाही वाटून आणखी साखर टाकायचे. आणि ते गृहस्थ जन्मात पहिल्यांदा हवा तसा चहा मिळतोय म्हणून मूग गिळून बसले. घरी येऊन त्यांना विचारलं तर आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग म्हणाले, मला वाटलं, तू आता माझे लाड करायला लागलीस. मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि रडले. घाबरले बिचारे, उठून स्वतःच चहा करायला लागले.

त्यानंतर मी काय नाही करून पाहिलं. साखर, मध, खजूर, शतावरी. काहीच नाही. आवळा खाऊन वर पाणी प्यायले, पाणी पाणीच राहिलं. बाकीचं सगळं जागेवर आहे, कडू कळतं, तुरट कळतं, पिंपळी चावते. जीभ भाजल्यासारखी नाही, सुजलेली नाही, आरशात बघितली तर मला वेडावून दाखवल्यासारखी बाहेर येते, नेहमीसारखी. फक्त गोड निघून गेलं आहे, भाडेकरू गुपचूप खोली सोडून जातो तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाने होतं, कधी एखाद्या गोळीनेही होतं, तपासण्या करू, परत येईल किंवा नाही येणार. मी म्हटलं, म्हणजे कधी गेलं असेल? त्या म्हणाल्या, ते तुम्हीच सांगा. मी काय सांगणार, मी त्या वाटेला कधी फिरकतच नव्हते.

पोतं मी परत पाठवलं. मालकांना एवढंच सांगितलं की पारखताना माझी चूक झाली. ते हसायला लागले, म्हणाले, तुमची चूक? मग आज सूर्य कुठून उगवला होता? पुढचं तसंच ठेवून मी खुर्चीकडे परत आले. तेव्हापासून मी सैरभैर झाले आहे. गोदामात गेले की घर आठवतं, घरी आले की गोदाम. मला ही खुर्ची सोडून काही येत नाही गं. मी कुठे गेले तर लोक विचारतात, काय करता, आणि मी म्हणते, चव घेते. आता काय म्हणू? काही दिवस दाढ दुखते म्हणून ढकलले, पण उद्या ज्येष्ठमधाचा माल येतोय. मागचा येऊन बरेच महिने झाले, म्हणून आजवर निभावलं. त्यात गुंजेची मुळं मिसळून कुणी पाठवली तर डोळ्यांना पटकन कळत नाहीत, आणि ती पोटात जाणं बरं नाही. ते ओळखायचं ते त्या मागून येणाऱ्या गोडावरून. माझ्या जिभेवर ते आता फक्त लाकूड आहे. मी कुणाच्या पोटाशी खेळणार नाही, म्हणून उद्या सकाळी मालकांना सगळं खरं सांगणार आहे. माझ्या जागी ये असं मी म्हणत नाही. तू मैद्यातच हात घाल. मालक ठेवतील दुसरं कुणी, नाहीतर यंत्र आणतील.

बाबा आले वाटतं, नाही, वरच्या मजल्यावरचे होते.

परवा मी चोरी केली. बाबा तुझ्याकडून आले आणि आंघोळीला गेले, तेव्हा त्यांच्या खिशातल्या कागदी रुमालात केकचा तुकडा होता. मी तो घेऊन इथेच या टेबलाशी बसले. आधी चूळ भरली, पोत्याच्या आधी भरते तशी नीट. तोंडात घातला. मऊ होता, इतका मऊ की दातांना काम नव्हतं, आणि भाजणी सगळीकडून एकसारखी, कडेलासुद्धा कोरडा नाही. गोड मला लागलं नाही. पण नाक माझं अजून शाबूत आहे. गिळल्यावर एक वास मागे राहिला, जुन्या पोत्याचा, मातीचा, तुझ्या शाळेच्या फ्रॉकच्या खिशाचा. ज्येष्ठमध घातलास ना तू त्यात? साखर कमी करून? पहिल्या दिवशीच्या केकमध्येही होता का? मी तेव्हा थुंकून टाकला, वास घ्यायलासुद्धा थांबले नाही. मी तिथेच बसून राहिले. बाबा बाहेर येऊन खिसा चाचपायला लागले, माझ्याकडे बघितलं आणि डोकं पुसत राहिले.

तर हे पत्र एवढ्यासाठी. उद्या गोदामात सगळ्यांना कळायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून, कारण तुझा केक मी सगळ्यांदेखत परत केला आणि तो बरा की वाईट हे मला आजही माहीत नाही. तो मला कळलाच नव्हता. गुडमारचंही मी तुला जे सांगितलं ते खोटं निघालं, मी खरं समजून सांगितलं होतं तरी. ऋतूबद्दल तुझंच बरोबर होतं. आता तुझ्या केकला चांगलं म्हणायची माझी लायकी राहिली नाही, आणि मला ते म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं. म्हणून एक मागते. एक तुकडा घेऊन ये. तुझ्या स्टुलावरची वजनं मी काल उतरवून ठेवली आहेत, उद्यानंतर ते घरी आणीन, आपलंच आहे ते. तू या टेबलाशी माझ्या खुर्चीत बस, मी स्टुलावर बसते. मी डोळे मिटून तुकडा तोंडात धरीन आणि या वेळी गिळल्याशिवाय हलणार नाही. आणि तू शेजारी बसून मला सांग, लहानपणी सांगायचीस तसं, नुसतं गोड म्हणून चालायचं नाही, नीट सांग, काय लागतंय.

तुझ्या तोंडाकडे बघत बसलेली,
तुझीच
आई